चार महिन्यांत दोन बेअरिंगं का गेली? गोल्फ कार्टच्या पुढच्या चाकाबद्दल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. गुहागरकडे किनाऱ्याला लागून रिसॉर्ट आहे. पाहुण्यांना गेटपासून खोल्यांपर्यंत आणि खाली पुळणीपर्यंत ने-आण करायला सहा आसनी गोल्फ कार्ट आहे. तिच्या पुढच्या डाव्या चाकातून घरघर येते. चार महिन्यांत दोनदा बेअरिंग बदललं, आता तिसऱ्यांदा आवाज सुरू झालाय. मेकॅनिक म्हणतो अख्खा हब, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो चाकाचा मधला भाग, बदला. तुम्हाला विचारायचंय की हे काम आमच्या माणसांना जागेवरच करता येईल का. आणि जाता जाता एक ओळ तुम्ही लिहिली आहे: रोज संध्याकाळी वाळू निघावी म्हणून गाडी प्रेशरने धुतो.

माझं लक्ष त्या शेवटच्या ओळीवर गेलं. पुण्यात बावीस वर्षं मी याच बॅटरी गाड्यांची कामं करतोय आणि त्यातल्या बऱ्याच कोकणातून घाट चढून येतात. बेअरिंग बदलणं तुमच्या माणसांना नक्की जमेल, दोन-तीन तासांचं काम आहे. पण नुसतं बदललंत तर दोन महिन्यांनी हेच पुन्हा लिहाल. ताशी वीस-बावीस किलोमीटरने चालणाऱ्या गाडीचं बेअरिंग नीट बसवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. ते दोन महिन्यांत जातंय याचा अर्थ आत पाणी शिरतंय, किंवा नट चुकीचा आवळला जातोय, किंवा नव्या बेअरिंगला जुना कप, म्हणजे त्याचं बाहेरचं कडं, जोडला जातोय. तुमच्याकडे या तीनपैकी किमान दोन गोष्टी होत असाव्यात असा माझा अंदाज आहे. कोणत्या, ते हब उघडल्यावर कळेल.

आधी आवाज खरंच बेअरिंगचा आहे का ते बघा. गाडी सपाट जागी घ्या, चावी काढा, सीटखालचा टो-रनचा स्विच (गाडी ओढायची की चालवायची ते ठरवणारा) टो वर करा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. या गाड्यांना ब्रेक बहुधा फक्त मागे असतात, त्यामुळे पुढचं उचललं की मागची चाकंच तुमचा आधार. सीटखाली लेड ॲसिड बॅटऱ्यांचंच वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. म्हणून नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणी खाली हात घालायचा नाही. ॲक्सलच्या बीमखाली घोडी (जॅक स्टँड) लावा किंवा भक्कम लाकडी ठोकळे रचा. चिऱ्यावर गाडी टेकवू नका. चिरा भाराखाली अचानक फुटतो, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चाक अधांतरी झालं की वर आणि खाली हात धरून आतबाहेर हलवा. डगमगलं तर लगेच बेअरिंगवर शिक्का मारू नका. दुसऱ्या माणसाला चाकामागे वाकून बघायला सांगा. स्पिंडल, म्हणजे हब ज्यावर फिरतो तो दांडा, जागेवर स्थिर आहे आणि त्याच्यावर हब हलतोय, तर दोष बेअरिंगचा. स्पिंडलसकट सगळंच हलतंय, तर किंगपिनचा, म्हणजे स्पिंडल ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतो तिचा, बुश झिजलाय, आणि मग तुम्ही दहा बेअरिंगं बदलली तरी चाक हलतच राहील. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले (मोकळीक) लागला तर टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचे, एंड बघा. शेवटी चाक हाताने हळू फिरवा आणि दुसरा हात पुढच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर हाताला कानापेक्षा आधी कळते. चालवून बघायचं तर रिकाम्या जागी हळूहळू उजवीकडे वळा. तेव्हा भार डाव्या चाकावर येतो आणि डाव्या बेअरिंगची घरघर वाढते.

आता हब उघडताना. यापुढचं सगळं टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांचं, बेअरिंग असलेल्या हबबद्दल आहे. मधोमध लोखंडी टोपी, तिच्याखाली खाचांचा कॅसल नट आणि त्यातून गेलेली स्प्लिट पिन दिसली, तर तुमचा हब याच जातीचा. जुन्या अमेरिकन गाड्या आणि त्यांच्या धर्तीवर बनलेल्या बऱ्याच गाड्या अशाच असतात. काही नव्या गाड्यांमध्ये मात्र सीलबंद बेअरिंग हबमध्ये दाबून बसवलेलं असतं, त्याबद्दल शेवटी बोलतो.

टोपी छिन्नीने एकाच बाजूने उचकटू नका, सगळीकडून थोडी थोडी ठोकत काढा. चेपलेली टोपी पुन्हा बसवली की पाणी तिथूनच आत जातं. पिन काढून फेकून द्या, नट सोडवा, त्यामागचा जिभेचा वॉशर काढा. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. मग हब बाहेर काढा. मागचं बेअरिंग ऑइल सीलच्या आड असतं, सील उचकटून काढलं की तेही सुटतं. ते सील पुन्हा वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी.

आणि इथे थांबा. बहुतेक मेकॅनिक इथे लगेच सगळं डिझेलमध्ये बुडवतात आणि धुवून टाकतात. पुरावा त्यातच जातो. आधी ग्रीस बघा. पांढरट, सायीसारखं झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय. बोटांत चोळल्यावर करकरलं तर वाळू. काळं, जळकट वासाचं आणि सुकलेलं असेल तर बेअरिंग तापलं होतं. हे बघून झालं की मग धुवा आणि रोलर उजेडात धरा. निळसर-तपकिरी रंग चढला असेल तर बेअरिंग फार तापलं होतं, बहुधा नट जास्त आवळल्यामुळे किंवा ग्रीस कमी पडल्यामुळे. कपवर रोलरच्या अंतराअंतराने गंजाच्या रेघा असतील, तर आत पाणी असलेली गाडी बरेच दिवस उभी होती. रेघांऐवजी तशाच अंतरावर खळगे असतील तर बेअरिंग बसवताना कुणीतरी हातोडीने ठोकलंय. पापुद्रे सुटले असतील तर धातू थकलाय. वय झाल्यावर असं होतं, पण दोन महिन्यांच्या बेअरिंगला पापुद्रे आले तर त्यावर जास्त भार पडला होता, किंवा ते चुकीच्या नंबरचं किंवा नकली होतं. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. पोरांना त्याचा आवाज आवडतो, पण रोलर धरून ठेवणारा पिंजरा सुटून रोलर उडाला तर डोळा जाईल.

तुमच्या मेकॅनिकने दोन्ही वेळा काय बदललं, हे त्याला विचारा. टेपर बेअरिंगचे दोन भाग असतात: रोलर आणि पिंजऱ्यासकट आतला कोन, आणि हबमध्ये ठोकून बसवलेला बाहेरचा कप. कप काढायला कटकट असते, म्हणून बरेच जण नुसता कोन बदलतात आणि जुन्या कपवर फिरवतात. जुन्या कपवर गंजाचे खड्डे असतील तर नवे रोलर त्यावरून दर फेरीला आपटत जातात. नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून मरायला लागतं. कोन आणि कप जोडीनेच बदलायचे, यात तडजोड नाही. दोन महिन्यांचं आयुष्य ऐकल्यावर माझा पहिला संशय याच्यावरच आहे.

खरेदीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे फसलेल्या गाड्या मी खूप बघितल्या आहेत. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच घेऊन दुकानात जा, "गोल्फ कार्टचं द्या" म्हणू नका. अमेरिकन धर्तीच्या गाड्यांत इंची मापाची बेअरिंगं असतात. उदाहरणार्थ एलएम ११९४९ हा कोन आणि एलएम ११९१० हा त्याचा कप. आतलं भोक १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, आणि बाहेरचा व्यास ४५.२३७. दुकानात हे नसलं की दुकानदार ३०२०४ काढून देतो. ते २० बाय ४७ चं मेट्रिक बेअरिंग. हातात धरल्यावर दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचा हब कुणीतरी लेथवर ४७ ला वाढवला होता आणि स्पिंडलवर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून वीसचा कोन बसवला होता. पट्टी सरकली, कोन तिरका झाला, आणि स्पिंडलला बोटाला लागेल इतकी खाच पडली. साध्या बेअरिंगचा खर्च वाचवायला गेलेल्या माणसाला शेवटी हब आणि स्पिंडल दोन्ही घ्यावे लागले. तुमच्या हबमध्ये आत आणि बाहेर वेगवेगळ्या मापाची बेअरिंगं असू शकतात, म्हणून दोन्हींचे नंबर लिहून घ्या. टिमकेन, एसकेएफ, एनबीसी यांपैकी कोणतंही चालेल, पण अधिकृत विक्रेत्याकडून आणि बिल घेऊन. नकली माल बाजारात भरपूर आहे, आणि डब्यावरून ओळखणं आता सोपं राहिलेलं नाही.

जुना कप काढायला हबच्या आत दोन समोरासमोर खाचा असतात. तिथून पितळी दांड्याने आलटून पालटून ठोकत बाहेर काढा. नवा कप रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब उन्हात तापवा, मग तो बराच सहज जातो. बसवायला जुना कपच ठोकणी म्हणून वापरा. त्याला आधी ग्राइंडरने एक उभी चीर पाडून ठेवा, नाहीतर तोही आत अडकून बसतो. हळूहळू, सगळीकडून सारखं ठोकत जा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा असतो तो खणखणीत होतो. तो आवाज येईपर्यंत थांबायचं नाही. टेकलेला नसला तर तो नंतर चालताना सरकतो, आणि तुम्ही बसवलेला प्ले बिघडतो.

कप बसवताना तो हाताने ढकलून सहज आत गेला, तर मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. हबची बैठक गेलीय, हब बदला. बैठकीत सेंटर पंचने ठिपके मारून कप घट्ट करायची पद्धत आपल्याकडे आहे. शेतातल्या ट्रेलरला कुणी करत असेल, पण पाहुण्यांची लेकरं बसणाऱ्या गाडीला हे करू नका. उलट कोन स्पिंडलवर हाताने सरकतो म्हणून घाबरू नका. तो तसाच बसायला हवा. स्पिंडलवर बारीक घासल्याच्या खुणा चालतात, नखाला लागणारी खाच चालत नाही. आणि जिथे सीलचा ओठ, म्हणजे त्याची रबरी कड, टेकतो तो भाग नखाने नीट तपासा. तिथे खाच असेल तर नवं सील लावूनही पाणी आत जाणारच. पातळ स्लीव्ह मिळते ती चढवता येते, नाहीतर स्पिंडल बदला. खारी हवा हा भाग फार लवकर खाते.

ग्रीस भरताना कोन तळहातावर घेऊन रुंद बाजूने ग्रीस आत रेटत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. वरून नुसतं माखलेलं ग्रीस आत पोचत नाही. चासी ग्रीस वापरू नका. साध्या हबसाठी दुकानात एपी थ्री मागितलं की लिथियमचं व्हील बेअरिंग ग्रीस मिळतं, ते ठीक आहे. तुमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या गाडीला मी कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस घालतो. महाग आहे, पण पाण्यात धरून राहतं आणि गंज रोखतं. कोणतंही वापरा, पण जुनं पूर्ण धुवून काढा. दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. हबच्या पोकळीत अर्ध्याहून कमीच भरा. गच्च भरलं तर तापल्यावर फुगून सीलच बाहेर ढकलतं. सील बसवताना स्प्रिंगची बाजू हबच्या आत. दुहेरी ओठाचं मिळालं तर तेच घ्या आणि दोन ओठांच्या मधे ग्रीस भरा. वाळू अडवायला त्याचा फार उपयोग होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नट आवळणं. इथेच बहुतेक बेअरिंगं मरतात. कारण आपल्या हाताला नट म्हटलं की पूर्ण जोर लावायची सवय आहे. टेपर बेअरिंगचा नट चाक धरून ठेवण्यापुरता नाही, तो बेअरिंगमधली मोकळीक ठरवतो. कोन वॉशरने जितका कपमध्ये ढकलला जाईल तितकी ती कमी होत जाते, आणि शून्याखाली गेली की रोलर रगडले जातात.

मी असं करतो. एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने लहान पान्ह्याने नट आवळतो, फिरणं स्पष्ट जड वाटेपर्यंत. चाक फिरवणं महत्त्वाचं, कारण त्यानेच रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण ढिला करतो. मग पान्हा बाजूला ठेवून फक्त बोटांनी आवळतो, जितका बोटांनी होईल तितकाच. मग पिनचं भोक आणि नटाची खाच समोरासमोर येत नसेल, तर पुढे नाही, मागे घेऊन जवळच्या खाचेवर आणतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तर तोच घ्या. सर्वसाधारणपणे मोटरचा जोर न येणाऱ्या अशा चाकाला ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर प्ले हवा. म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल इतका, न जाणवला तरी चालेल, पण चाक पिसासारखं मोकळं फिरायला हवं.

एक हिशोब सांगतो, म्हणजे एका खाचेची किंमत कळेल. दीड मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेरीत नट तेवढा पुढे जाणारा, आटा धरला आणि नटाला सहा खाचा, तर एक खाच म्हणजे पाव मिलिमीटर. स्पिंडलला एकच भोक असेल, तर दुर्दैवाने तुमचं बरोबर माप दोन खाचांच्या मधे कुठेतरी येईल आणि मागे घेतल्यावर प्ले जास्त राहील. भोकं दोन असतील, काटकोनात, तर पायरी अर्धी होते. एकच असेल आणि प्ले हाताला स्पष्ट लागत असेल, तर थोड्या वेगळ्या जाडीचा वॉशर लावून बघा, खाच वेगळ्या जागी येईल. पण खाच जुळत नाही म्हणून नट पुढे आवळून पिन घालू नका. निळे पडलेले रोलर मी बघतो त्यातले बरेच तिथेच निळे झालेले असतात.

पिन नवीन घाला. तार नको, खिळा नको. ही एक पिन नट धरून ठेवते आणि नट चाक धरून ठेवतो. उतारावर ती निसटली तर सहा माणसांची गाडी तीन चाकांवर येते.

म्हणजे क्रम असा: आधी चाकाचा प्ले नेमका कुठला ते ओळखा, ग्रीस आणि रोलर वाचा, कप-कोन-सील-पिन चारही नवीन, कप तळापर्यंत, सीलची बैठक तपासून, आणि नट बोटांनी.

आणि तुमची ती धुण्याची ओळ. दिवसभर उन्हात फिरलेला हब गरम असतो, त्यातली हवाही गरम. त्यावर गार पाण्याचा झोत मारला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाजवळ जे असेल ते आत ओढून घेते. तिथे त्या क्षणी असतं खारं पाणी आणि बारीक वाळू. प्रेशरचा झोत थेट सीलवर पडला तर ओठ उलटतो, मग ओढायचीही गरज राहत नाही. बोटीच्या ट्रेलरची बेअरिंगंही अशीच जातात, गरम हब पाण्यात उतरवल्यामुळे. म्हणून गाडी आल्यावर अर्धा तास सावलीत उभी करा, मग बादलीने गोडं पाणी ओतून हाताने धुवा. चाकाच्या मधोमध आणि मागच्या बाजूला प्रेशरची नळी नेऊच नका. आणि जमलं तर गाडी पुळणीवर उतरवायचं थांबवा, वाळूच्या कडेला थांबा करा. पाहुण्यांना पन्नास पावलं चालावं लागेल, पण चारही चाकं वाचतील.

सीलबंद बेअरिंगच्या हबबद्दल दोन वाक्यं. तिथे मोकळीक लावायची नसते, सर्कलिप (बेअरिंग अडवणारी खाचेतली कडी) काढून बेअरिंग प्रेसवर दाबून बदलायचं, दाब बाहेरच्या रेसवरच, म्हणजे कड्यावरच, द्यायचा आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचा. प्रेस नसेल तर हे जागेवर करू नका, चिपळूणला एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये हब काढून न्या. मागच्या चाकाचं काम तर वेगळंच असतं. तिथे ॲक्सल, तेल आणि ब्रेकचे लायनर सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, ते हातात घेण्याआधी वेगळं विचारा.

बसवून झाल्यावर एक आठवड्याने पुन्हा जॅक लावून प्ले बघा. नवे कप थोडे बसतात आणि नट एक खाच मागेपुढे करावा लागू शकतो. दोन आठवड्यांनी टोपी काढून ग्रीसचा रंग बघा. जसं भरलं तसंच असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत हात लावू नका. पांढरं दिसलं तर पाणी टोपीतून येतंय की मागून, ते शोधायचं: बाहेरच्या बेअरिंगजवळ जास्त पांढरं तर टोपी, मागे जास्त तर सील किंवा स्पिंडलची बैठक. आणि उजवं चाकही याच वेळी उघडून बघा. त्याने अजून आवाज केला नसला, तरी रोज संध्याकाळी तेही त्याच पाण्याने धुतलं गेलंय.